शेडनेटखालचा समुद्र
अकलूजच्या उन्हात प्रवाळाची शेती होईल का?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात शेडनेटची नवलाई केव्हाच संपली. ढोबळी मिरची, काकडी, रोपवाटिकेतली रोपं असं बरंच काही त्या हिरव्या जाळीखाली येतं. तिथल्या अकलूजसारख्या गावात एखाद्या तरुणाने मोबाइलवर अमेरिकेतल्या हरितगृहात ओळीने मांडलेली रंगीत प्रवाळं पाहिली आणि ‘हे आपल्याकडे का नको?’ असं विचारलं, तर त्याला वेड्यात काढू नये. मिशिगन राज्यातलं रोम्युलस हे गाव डेट्रॉइटजवळ आहे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, आणि हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. तरी डिक पेरिन या गृहस्थाने तिथे ‘ट्रॉपिकोरियम’ नावाने हरितगृहात प्रवाळ वाढवून विकण्याचा धंदा उभा केला. घरच्या काचेच्या टाकीत समुद्र सजवणारे हौशी लोक त्याचे गिऱ्हाईक.

अकलूजहून कोकणचा किनारा सरळ रेषेत साधारण 200 किलोमीटर. बर्फाची भीती नाही, ऊन हवं तेवढं. खाऱ्या पाण्याचं म्हणाल तर कालव्याच्या शेपटाकडच्या कितीतरी बोअरना ते न मागता लागतं. मग अडतं कुठे? अडतं, पण पहिल्या नजरेत वाटतं तिथे नाही.

दगड, झाड की जनावर?

मंगळासाठी बोटात घातलेलं पोवळं सराफाच्या दुकानात दगडांच्या शेजारी बसतं. मत्स्यालयातलं प्रवाळ फांद्या फुटलेल्या झुडपासारखं दिसतं. दोन्ही प्राण्यांनी बांधलेली घरं आहेत, पण बांधणारे वेगळे. अंगठीतलं तांबडं पोवळं बहुधा भूमध्य समुद्रातून येतं. ते खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढतं आणि त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. त्याची शेती करायला निघालेल्याने ती नातवासाठी करावी. हरितगृहात वाढतं ते उथळ, उबदार, उजेडाच्या समुद्रातलं खडक बांधणारं प्रवाळ.

त्याचा एकेक जीव बहुतेक जातींत काही मिलिमीटरचा असतो. मऊ नळीसारखं शरीर, वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे स्पर्शक. बुडाशी तो पाण्यातला चुना घट्ट करून बैठक बांधतो. अशा हजारो जिवांची सलग वसाहत म्हणजे आपल्याला दिसणारा प्रवाळाचा गड्डा किंवा फांदी.

एवढ्याशा जिवाला दगड बांधण्याइतकी ताकद कुठून येते? त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हात साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. अनेक जातींना लागणाऱ्या ऊर्जेचा 90 टक्क्यांपर्यंतचा भाग असा आतूनच मिळतो. बदल्यात शैवालाला आसरा मिळतो, आणि प्राण्याच्या शरीरातून निघणारा कार्बन डायऑक्साइड व नत्र खत म्हणून मिळतं. म्हणजे प्रवाळ पाळणारा माणूस एकाच वेळी जनावरही पाळतो आणि पीकही काढतो. ऊन लागतं ते या आतल्या पिकासाठी. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतं, खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि प्रवाळ उपाशी पडतं.

उसासारखं बेणं

अकलूजच्या माणसाला प्रवाळाची लागवड समजायला वेळ लागणार नाही, कारण ती उसासारखी आहे. ऊस आपण बी पेरून लावत नाही. चांगल्या बेणेमळ्यातली कांडी तोडायची, डोळा शाबूत असलेली टिपरी मातीत ठेवायची, की नवा फुटवा येतो. को 86032 चं शिवार कितीही पसरलेलं असो, त्यातला प्रत्येक ऊस मूळच्या एकाच रोपाचा विस्तार असतो.

प्रवाळाचंही तसंच. मोठ्या, निरोगी मातृवसाहतीची फांदी कात्रीने कापायची, गड्ड्यासारखी जात असेल तर हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने तिचे चौकोन पाडायचे. प्रत्येक तुकडा सिमेंटच्या किंवा सिरॅमिकच्या छोट्या बैठकीवर घट्ट सुपरग्लूने चिकटवायचा. हा गोंद पाण्यातही घट्ट होतो. आठवड्या-दोन आठवड्यांत जखम भरते, मांसल थर बैठकीवर पसरू लागतो आणि तुकड्याची वसाहत होते. फांद्यांच्या जाती वर्षाला काही सेंटिमीटर लांबतात, गड्ड्यांच्या जाती जेमतेम सेंटिमीटरभर.

उसात एक डोळा पद्धतीने बेणं वाचतं, तसा शोध प्रवाळातही लागला आहे. फ्लोरिडातल्या मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांच्या लक्षात आलं, की गड्ड्याचे अगदी सेंटिमीटरभराचे तुकडे केले तर ते मोठ्या तुकड्यांपेक्षा कितीतरी वेगाने पसरतात. एकाच वसाहतीचे असे तुकडे शेजारी ठेवले तर ते एकमेकांना परके मानत नाहीत, पसरत भेटतात आणि पुन्हा एकजीव होतात. शेकडो वर्षांच्या गड्ड्याएवढा पृष्ठभाग थोड्या वर्षांत झाकता येईल, ही आशा त्यातूनच आली.

उसाचा धोकाही इथे आहे. सगळं शिवार एकाच रोपाचं असेल तर एका रोगाला सगळं सारखंच बळी पडतं. म्हणून जाणते लोक एका जातीच्या निदान दोन-तीन वेगळ्या वसाहती वेगळ्या टाक्यांत राखतात.

कापताना काळजी माणसानेही घ्यायची. हौशी बाजारात लोकप्रिय असलेल्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या काही मऊ जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि दगड साफ करायला त्यांच्यावर उकळतं पाणी तर कधीच ओतू नये. त्या वाफेने आख्खं कुटुंब दवाखान्यात पोचू शकतं.

बोअरचं खारं पाणी का चालत नाही

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पिकाला नकोसं झालेल्या बोअरच्या पाण्यात ते लिटरला दोन-तीन ग्रॅम असले तरी आपण त्याला मचूळ म्हणून नावं ठेवतो. पण खरी अडचण क्षार कमी असण्याची नाही, कमी असतील तर मीठ टाकता येतं. अडचण क्षारांच्या मेळाची आहे. समुद्रात सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम यांचं प्रमाण जगभर जवळपास ठरलेलं असतं. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात ते ज्या त्या शिवाराच्या मातीवर ठरतं. हरियाणात क्षारपड जमिनीतल्या पाण्यावर कोळंबी वाढवतात, तिथेही पोटॅश कमी पडतं म्हणून ते वरून द्यावं लागतं. कोळंबी तेवढ्यावर निभावते, प्रवाळ निभावत नाही.

त्यात ऊसपट्ट्यातलं पाणी. वर्षानुवर्षं टाकलेल्या युरियाचा नायट्रेट झिरपून विहिरी-बोअरमध्ये उतरतो. उथळ प्रवाळसमुद्र मात्र खताच्या बाबतीत जवळपास उपाशी असतो. खत मिळालं की प्रवाळाच्या आतलं शैवाल मातून तपकिरी दिसू लागतं, आणि बाहेरचं तंतुमय शेवाळ टाकीभर माजून प्रवाळावर चढतं.

तेव्हा उपाय एकच. आधी पाण्यातलं सगळं काढून टाकायचं आणि मग हवं तेवढंच घालायचं. बोअरचं पाणी आरओतून आणि त्यापुढच्या शुद्धीकरण गाळणीतून न्यायचं, आणि त्यात प्रवाळासाठी तयार मिळणारं कृत्रिम समुद्री मीठ कालवायचं. खाण्याच्या मिठाने हे काम होत नाही.

मे महिना आणि उडणारं पाणी

सोलापूर जिल्हा म्हटलं की 41-42 अंशांचा उन्हाळा आठवतो आणि प्रवाळाला साधारण 24 ते 28 अंशांचं पाणी लागतं. इथेच कुणीही म्हणेल की बेत रद्द. पण माझं मत उलट आहे. हवामानापुरतं बोलायचं तर अकलूज मुंबईपेक्षा बरं पडेल.

पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं तर सुमारे 580 लिटर पाणी एका अंशाने थंड व्हावं एवढी ती उष्णता असते. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं. 41 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर नुसत्या बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः 23 अंशांच्या आसपास उतरू शकतं. किनाऱ्यावर मे महिन्यात पारा 34 वरच असतो, पण घाम वाळत नाही. तिथे पंखा लावून पाणी 27 च्या खाली आणणं मुश्कील. पॉलिहाऊसमध्ये एका भिंतीला ओले पॅड आणि समोरच्या भिंतीला पंखे लावतात, ती व्यवस्था आणि टाक्यांवरून वाहणारा वारा यांवर अकलूजचा उन्हाळा काढता येईल. हिवाळ्यात रात्री पारा 10-12 पर्यंत उतरतो. तेव्हा मात्र हीटर लागतात.

याची किंमत पाण्यात मोजावी लागते. क्षार उडत नाहीत, उडतं ते नुसतं पाणी. 1000 लिटरच्या टाकीतून रोज 20 लिटर उडालं आणि आठवडाभर कुणी भरलं नाही, तर 35 ची क्षारता 40 च्या वर जाते. म्हणून फ्लोटवर चालणारा नळ लावून उडालेल्या पाण्याची भरपाई दिवसभर थेंबाथेंबाने करतात, तीही गोड्या, शुद्ध पाण्याने. इथे नवखा हमखास चुकतो. पातळी खाली गेलेली पाहून तो पुन्हा खारं पाणी ओततो.

उजेडाचं गणित सोपं आहे. दुपारचं उघडं ऊन बहुतेक प्रवाळांना जास्त होतं. 50 ते 75 टक्क्यांची शेडनेट पुरते, आणि शहरातल्या हौशी माणसाला महागड्या दिव्यांवर जी वीज जाळावी लागते ती वाचते. हरितगृहाचा सगळा फायदा इथे आहे.

> चौकट: 1000 लिटरच्या टाकीचा हिशेब
> • कृत्रिम समुद्री मीठ: पहिल्या भरणीला 35 ते 40 किलो
> • क्षारता: लिटरला सुमारे 35 ग्रॅम
> • तापमान: 24 ते 28 अंश, दिवस-रात्रीत फार चढउतार नको
> • सामू: 8.1 ते 8.3
> • कॅल्शियम: लिटरला सुमारे 420 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे 1300
> • तांबं: शून्य
> • पाण्याचा प्रवाह: 24 तास

चुन्याची निवळी आणि मोरचूद

वाढणारं प्रवाळ पाण्यातला चुना सतत ओढून घेतं. समुद्राला त्याचं काही वाटत नाही, पण टाकी काही दिवसांत रिकामी होते. कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही परत घालावे लागतात. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक जुनी युक्ती म्हणजे आपली चुन्याची निवळी. शुद्ध चुना पाण्यात कालवून ठेवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी उडालेल्या पाण्याच्या जागी थेंबाथेंबाने सोडायचं. एका कामात दोन कामं होतात, शिवाय सामू टिकतो. भराभर ओतली तर मात्र सामू एकदम चढून टाकीच मरते. वसाहती मोठ्या झाल्या की निवळी पुरत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा वेगवेगळे मोजून द्यावे लागतात.

चुन्याचा हा मित्रपणा शेजारच्या शेतात संपतो. डाळिंब आणि द्राक्षांवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात चुन्याबरोबर मोरचूद असतं, म्हणजे तांबं. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात चालून जाईल एवढं तांबंही प्रवाळाला आणि टाकीतल्या गोगलगाई-कोळंब्यांना मारतं. शेजाऱ्याने वाऱ्याच्या दिशेने फवारा धरला आणि पॅडच्या पंख्यांनी तो आत ओढला, तर काम तमाम. तांब्याची तार असलेला जुना पंप किंवा पितळी नळ हीसुद्धा तीच गोष्ट. सोलापुरात प्रवाळाचं हरितगृह बांधायचं तर जागा निवडताना पाण्याआधी शेजारचं पीक पाहावं, असं मी म्हणेन.

वीज

प्रवाळ हलू शकत नाही. प्राणवायू आणि अन्न पाण्याच्या प्रवाहाने त्याच्याकडे यावं लागतं आणि घाण त्याच प्रवाहाने जावी लागते. दाटीने भरलेल्या टाकीत उन्हाळ्याच्या रात्री पंप काही तास बंद पडले, की सकाळी वासावरूनच कळतं. शेतीपंपाची आठ तासांची वीज इथे उपयोगाची नाही. अखंड जोडणी हवी, तिला जोड म्हणून सौर पॅनेल, बॅटरीवर चालणारे हवेचे पंप आणि जनरेटर. डीपी जळाली की चार दिवस वाट पाहायची सवय उसाला असते.

पण बेणं आणायचं कुठून?

इथवर काहीच अशक्य नव्हतं. खर्च, कष्ट, जागरण, पण अशक्य नाही. उसाचं बेणं पाडेगावच्या संशोधन केंद्रातून किंवा कारखान्याकडून येतं. प्रवाळाच्या पहिल्या वसाहतीसाठी भारतात असं एकही दार उघडं नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, बासरीसारख्या नळ्यांचं प्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. 2022 च्या दुरुस्तीनंतरही ती पहिल्या अनुसूचीतच आहेत. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड. समुद्रातून तोडलं नाही, माझ्या टाकीत वाढवलं, ही सबब चालत नाही. बंदिवासात जन्मलेला प्राणीही कायद्याच्या व्याख्येत येतो. परदेशातून आणावं तर कठीण प्रवाळांचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारानेही बांधलेला आहे. महानगरातल्या एखाद्या दुकानाच्या टाकीत प्रवाळ दिसलं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

कायदा इतका कडक का, हे तमिळनाडूत कळतं. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळाचे खडक वर्षानुवर्षं फोडून नेले गेले. कच्छच्या आखातातही प्रवाळी वाळू सिमेंटसाठी उपसली गेली. आणि इंचभराचा तुकडा टाकीत वाढलेला आहे की परवा रात्री खडकावरून तोडलेला, हे नुसतं पाहून वनरक्षकाला सांगता येत नाही. इंडोनेशियात समुद्रात चौकटींवर वाढवलेल्या प्रवाळाला खुणेच्या चकत्या बांधून निर्यात होते. तिथेही 2018 मध्ये सरकारने निर्यात थांबवली आणि 2020 मध्ये पुन्हा सुरू केली.

मला हा कायदा योग्य वाटतो, पण अपुरा. चंदनाच्या बाबतीत शेजारच्या कर्नाटकाने 2001 च्या दुरुस्तीने शेतकऱ्याला त्याच्या बांधावरच्या झाडाचा मालक मानलं. तशी नोंदणी, खूण आणि तपासणीची साखळी प्रवाळासाठी उभी राहिली, तर लागवडीचं प्रवाळ चोरीच्या प्रवाळाची मागणी कमी करू शकेल. साखळी ढिली असेल तर तीच चोरांना पावती फाडून देईल. सध्या ती साखळीच नाही.

महाराष्ट्रातली प्रवाळलागवड

लागवड होतेच, फक्त विक्रीसाठी नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात तुतीकोरिनच्या सुगंधी देवदासन सागरी संशोधन संस्थेच्या मदतीने तिथे सिमेंटच्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधून समुद्रतळावर लावले गेले. तंत्र हरितगृहातलंच, टाकीच्या जागी अरबी समुद्र. पावसाळ्यात गढूळ पाणी आणि लाटा, आणि उरलेल्या वर्षात जाळी व नांगर, यांना तोंड देत ते वाढवावं लागतं.

मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडलं. 2020 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली 18 वसाहती तिथून हलवण्यात आल्या. त्यासाठी महापालिकेलाही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली. गुजरातेत मिठापूरला तर नाहीशा झालेल्या फांदीदार प्रवाळाचं बेणं लक्षद्वीपहून आणून लावण्याचा प्रयोग झाला. ही सगळी कामं सरकार, शास्त्रज्ञ आणि स्थानिक पाणबुडे यांची. अकलूजच्या तरुणाला यात शिरायचं असेल तर तारकर्लीला पाणबुड्याचं शिक्षण मिळतं.

त्याच शेडनेटखाली काय येईल

ज्याला खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळायच्याच आहेत, त्याने क्लाउनफिशकडे पाहावं. ‘निमो’ म्हणून मुलं ओळखतात तो नारिंगी-पांढरा मासा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचं तंत्र बसवलं आहे. नवी मुंबईत ऐरोलीला महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोबरोबर शोभिवंत सागरी माशांचं उबवणी केंद्र सुरू केलं. इथे बेणं मिळतं, तेही पावतीसकट.

या माशाचं घर मजेशीर आहे. सगळे आधी नर असतात, सर्वांत मोठा तेवढा मादी होतो. म्हणून दोन लहान पिल्लं एकत्र ठेवली की जोडी आपोआप जमते. स्थिरावलेली जोडी दर दोन-तीन आठवड्यांनी फरशीच्या तुकड्यावर काहीशे अंडी घालते आणि नर ती राखतो. आठवडाभराने रात्री अंधारात पिल्लं बाहेर पडतात. त्यांना पहिले काही दिवस रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खायला लागतात, आणि रोटिफरना हिरवं शैवाल. धंदा बुडतो तो बहुतेक वेळा या तीन मजली स्वयंपाकघरात.

2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपन केंद्राचा प्रकल्पखर्च तीन लाख आणि मध्यम केंद्राचा आठ लाख रुपये धरला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठरलं. अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करायचा.

अर्जाआधी एक काम फुकटात होतं, किंवा फार तर मिठाच्या खर्चात. 500 लिटरची टाकी मार्चमध्ये भरून त्यात एकही जीव न सोडता ती जूनपर्यंत चालू ठेवायची. सकाळ-संध्याकाळ तापमान आणि क्षारता वहीत लिहायची, रोज किती पाणी उडालं आणि वीज किती वेळ गेली तेही. वैशाखात तापमानाचा आकडा 28 च्या आत आणि क्षारतेचा 34 ते 36 मध्ये राहिला, तर ऐरोलीला फोन करायला हरकत नाही.